कोरेगावकडचा सागवानी वाडा: पाडायचा की सावरायचा?

सोपा_माजघर

नमस्कार मंडळी. आमचं मूळ घर कोरेगाव तालुक्यात, जेमतेम दोनशे उंबऱ्यांच्या गावात आहे. रस्त्याकडून दिंडी दरवाजा, आत ढेलज (दाराला लागून असलेली पडवी), मग चौक. चौकाच्या तिन्ही अंगांना सोपा, समोर माजघर, त्याच्या पोटात देवघर आणि धान्याची अंधारी खोली. निम्म्या भागावर माडी, मागं परसू. खालच्या भिंती दगडमातीच्या, माडीच्या भिंती विटांच्या. वर मंगलोरी कौलं. खांब, तुळया, कड्या, पाट सगळं सागवान. सोप्याचे पुढचे खांब सुरूदार आहेत, वर केळफुलं आणि महिरप. बाकीचं लाकूड साधं, चौकोनी.

आता अडचण. पश्चिमेची भिंत मधोमध बाहेरच्या अंगाला फुगली आहे. तिथल्या एका तुळईला उभी चीर आहे. तालुक्याच्या दोन ठेकेदारांनी घर बघितलं आणि दोघांनीही "सगळं उतरवा, आरसीसी करा" असंच सांगितलं. धाकटे चुलते म्हणतात लाकूड विकू, त्यातच निम्मा खर्च निघेल. गावातला एक म्हातारा गवंडी मात्र म्हणाला, "भिंत पडली तरी वाडा पडत न्हाई. लाकूड हाय तोवर वाडा हाय."

हे खरं आहे का? भिंत काहीच वजन घेत नाही? ज्यांनी अशी घरं उघडून बघितली आहेत त्यांनी कृपया लिहा.

टेकू_सांगली

गवंडी खरं बोलला, पण अर्धं.

आपल्याकडच्या या घरांत मूळ सांगाडा खणांचा असतो. चार खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर पाट (फळ्या) किंवा किलच (लाकडाच्या बारीक चिपा), हा एक खण. घर मोजायचं तेही खणांनीच, पाच खणी सोपा, सात खणी माजघर. खांब जमिनीत पुरत नाहीत, दगडी तळखड्यावर नुसता उभा करतात, म्हणजे बुडाला ओल लागत नाही. वर खांबाच्या डोक्याला कुसू काढून ते तुळईच्या भोकात बसवतात. लोखंड जवळपास नाही. अशा सांगाड्यात भिंतीचं काम म्हणजे आडोसा, थंडावा आणि चोरापासून संरक्षण.

पण हे आतल्या भागाला लागू. बाहेरच्या भिंतीत दोन प्रकार सापडतात. ज्याच्याकडे पैसा आणि लाकूड होतं त्याने भिंतीच्या जाडीतही खांब उभे केले आणि त्यांच्याभोवती दगड रचले. तिथे भिंत ढासळली तरी छप्पर जागेवर राहतं. ज्याने काटकसर केली त्याने कड्यांची किंवा तुळयांची टोकं सरळ भिंतीवर टेकवली. तिथे भिंत गेली की छप्पर खाली येणार. एकाच वाड्यात दोन्ही प्रकार असतात, कारण वाडा एका पिढीत बांधलेला नसतो.

तेव्हा पहिलं काम: फुगलेल्या भिंतीकडे जाणारी प्रत्येक तुळई आतून धरा आणि ती भिंतीला जिथे भिडते त्याच्या बरोब्बर खाली गिलावा वीतभर खरवडा. लाकूड लागलं तर खांब आहे. दगड लागला तर वजन भिंतीवर आहे. त्याआधी कोणाच्याही सांगण्यावरून भिंतीचा दगड हलवू नका, आणि खरवडण्याआधी तुळईखाली टेकू द्या. चीर पडलेल्या तुळईला तर आजच्या आज.

माणदेशी_बाभूळ

तुमच्याकडं कौलं तरी हायती. आमच्या माण तालुक्यात बघा, सगळी माळवदं, म्हंजी मातीची सपाट छपरं. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि आमच्याकडं ५०० च्या आसपास, एकाच जिल्ह्यात! त्यामुळं तिकडं उतरती छपरं, इकडं सपाट. कड्यांवर किलच, किलचावर पालापाचोळा, वर पांढरीची माती चोपून बसवायची. पांढरी माती पाणी लवकर आत घेत न्हाई. उन्हाळ्यात वर झोपायचं, मिरच्या, शेंगा वाळत घालायच्या, आणि मधी एक साणं, उजेडाला आणि चुलीच्या धुराला. पाऊस आला की साण्यावर पत्र्याचा डबा पालथा.

पण एक गोष्ट लोकं विसरत्यात. दरसाल मिरगाच्या आधी वर नवी माती टाकायची पद्धत. जुनी काढायची कुणी? टाकतच राहायची. एक घनफूट माती धरा ४५-५० किलो. पाच बाय आठ फुटाचा एक खण आणि फूटभर थर, म्हणजे दोन टनाच्या आसपास वजन एका खणावर. दीड-दोन फूट थर झाला की बघा काय हुतंय. आमच्या भावकीत एकाचं माळवद उतरवलं तर माती निघाल्यावर खालच्या कड्या हाताच्या बोटाएवढ्या वर उचलल्या. लाकूड मेलं नव्हतं, नुसतं वाकलं होतं.

सोपा_माजघर

@टेकू_सांगली, मनापासून आभार. टेकू दिले. खरवडणं पुढच्या आठवड्यात, चुलतभावांना घेऊन.

@माणदेशी_बाभूळ, आमच्या मागच्या दोन खोल्यांवर अजून माळवद आहे, पण वरून पत्रा घातलाय. म्हणजे मातीचं वजन फुकटच डोक्यावर!

माणदेशी_बाभूळ

फुकटच. पत्रा हाय तर माती उतरवा. पण एकदम एका कोपऱ्यातनं न्हाई, दोन्ही बाजूंनी सारखी.

आरसीसीच_बरं

थोडं कडू लिहितो. इथे सगळ्यांना वाड्याचा उमाळा येतो, पण राहतंय कोण? मुलं पुण्याला. घरात उंदीर, वाळवी, पावसाळ्यात गळती. म्हातारी आई एकटी, अंधाऱ्या माजघरात. दरवर्षी कौलं परतायला माणूस मिळत नाही. चार पिलरचं घर बांधा, वर टाकी, संडास-बाथरूम आत, विषय संपला. आमच्या सांगली भागात नदीकाठी तर २००५ आणि २०१९ च्या पुरांनंतर मातीची घरं किती राहिली ते बघा. मातीच्या भिंतीत पाणी चार दिवस उभं राहिलं की ती बसते.

टेकू_सांगली

पुराचं तुमचं म्हणणं मान्य. कृष्णेच्या पूररेषेत मातीतली भिंत हा धोकाच आहे, तिथे मी स्वतः नवीन बांधायला सांगतो. पण सोपा_माजघर यांचं गाव काठावरचं नाही. संडास-बाथरूमही परसात भिंतीला न टेकता वेगळं बांधता येतं, त्यासाठी वाडा पाडावा लागत नाही. अंधाराचं म्हणाल तर सात-आठ कौलांच्या जागी काचेची कौलं बसवून बघा.

आणि तुम्ही "चार पिलर" म्हणता ते गावात बहुतेक वेळा कसे होतात तेही बघितलंय. कॉलममध्ये रिंगा फूटभर अंतराने, वाळू ओढ्याची, पाणी मारायला माणूस नाही.

कोयनाकाठ

पाटण तालुक्यातून लिहितो आहे, त्यामुळे भूकंपाचा मुद्दा काढणारच. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला साडेसहाच्या आसपास तीव्रतेचा भूकंप झाला, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. आजीच्या तोंडून ऐकलेलं असं की आमच्या आळीत दगडमातीच्या भिंती दोन फळ्या उघडाव्यात तशा बाहेर पडल्या आणि मधे नुसते खांब आणि छप्पर उभं राहिलं. माणसं त्या छपराखालून चालत बाहेर आली.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीतही पाहणी करणाऱ्यांना अनेक ठिकाणी हेच दिसलं, खणांचा सांगाडा उभा आणि भिंती खाली. पण तिथे माळवदाचं वजन भयंकर होतं आणि भिंती अडीच-तीन फूट जाडीच्या. माणसं बहुतेक त्या भिंतींखालीच गेली.

म्हणजे "लाकडी सांगाडा टिकतो" यावर समाधान मानून झोपू नये. भिंत आत पडली की सांगाडा असून उपयोग नाही. खरा दोष भिंतीच्या रचनेत असतो: बाहेरून एक दगडाची रांग, आतून एक, मधे गारगोटी आणि माती. दोन्ही रांगांना बांधणारे आरपार लांब दगड नसले की पाणी मधे शिरलं, माती फुगली आणि बाहेरची रांग पोट काढते. सोपा_माजघर, तुमच्या पश्चिमेच्या भिंतीचं दुखणं मला तरी हेच वाटतं. पश्चिम म्हणजे पावसाची बाजू. वरची पन्हळ फुटली आहे का, ते बघा.

टेकू_सांगली

+१. कमी ताकदीच्या दगडी बांधकामासाठी आयएस १३८२८ हे मानक आहे. त्यात आरपार दगड उंचीत दर दोन फुटांना आणि आडवे चार फुटांच्या आत घ्या असं सांगितलं आहे. लांब दगड नसेल तर काँक्रीटचा सळई घातलेला तुकडा ओतून तो आरपार घालतात, जुन्या भिंतीतही भोक पाडून करता येतं. सांगाड्यात आणखी एक उणीव असते, तिरके आधार नसतात. खांब आणि तुळई काटकोनात, धक्का आला की सगळं एका बाजूला कलतं. खांबाच्या वरच्या कोपऱ्यात लाकडाचा किंवा लोखंडी पट्टीचा तिरका आधार दिला तर फार फरक पडतो. दिसायला थोडं खटकतं, चालवून घ्यावं.

रंधा_पटाशी

आमची सुतारकी आजोबांपासून, वाई भागात. लाकडाबद्दल माझे चार शब्द.

सागवान शंभर-दीडशे वर्षं टिकतं म्हणतात ते बरोबर, पण कुठलं सागवान? गाभ्याचं. बाहेरचं पांढरट लाकूड वाळवी आनंदानं खाते. म्हणून जुन्या खांबाचा वरचा पापुद्रा पोकळ लागला तरी घाबरू नका. पटाशीनं टोचून बघा. अर्ध्या इंचावर घट्ट लाकूड लागलं तर खांब ठणठणीत. हातोडीच्या दांड्यानं खालपासून वर ठोकत जा, आवाज बदलतो तिथं खूण करा.

कुजतं ते दोन ठिकाणी. एक, भिंतीत पुरलेलं कड्यांचं टोक. दोन, खांबाचं बूड, तेही जिथं कुणीतरी फरशी घालताना तळखड्यासकट खांब वीतभर काँक्रीटमध्ये गाडलाय तिथं. हे आजकाल घरोघरी दिसतं. शेणाची जमीन काढून फरशी घालायची, जोतं उंच करायचं, तळखडा खाली बुडतो आणि खांबाभोवती ओल कायमची. चांगला शंभर वर्षांचा खांब त्यानं वीस वर्षांत जातो.

उपाय: पूर्ण खांब बदलायचा नाही. दोन्ही बाजूंनी तुळई जॅकवर घ्यायची, अगदी सुतभर उचलायची, जास्त नाही, नाहीतर वरची माडी ओरडते. बुडाचा कुजका भाग कापायचा, तेवढाच जुन्या सागवानाचा तुकडा लांब तिरक्या सांध्यानं जोडायचा, आरपार लाकडी खुंट्या मारायच्या. सांधा खांबाच्या उंचीच्या खालच्या भागातच असावा. तुळईची चीर उभी, म्हणजे लाकडाच्या रेषेत असेल तर ती बहुधा सुकण्याची चीर असते, शंभर वर्षांची जुनी. धुळीनं भरलेली असेल तर जुनीच. चीर आडवी, रेषा तोडून गेलेली, आत लाकूड ताजं पिवळं दिसत असेल तर ती मोडायला लागली आहे.

भिंतीत जाणाऱ्या टोकांना आमच्याकडे बिब्ब्याचं तेल लावत. ते लावणाऱ्याच्या अंगावर फोड उठतात, तेव्हा माहितगार माणूस नसेल तर नादी लागू नका. उघड्या खांबांना जवसाचं तेल, वर्षाआड. ऑइलपेंट नको.

अभ्यासू_आत्या

ऑइलपेंट नको यावर दहा वेळा सही करते! आमच्या माहेरच्या सोप्याचे खांब कुणीतरी आकाशी रंगानं रंगवले होते.

त्याचबरोबर सिमेंटचा गिलावा नको हेही लिहा. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. बाहेरून सिमेंट लावलं की घेतलेली ओल बाहेर पडत नाही, मग ती आतल्या अंगाला येते, आणि भिंतीत जे लाकूड आहे ते त्या ओलीत वर्षभर बसतं. वरून गिलावा छान दिसतो, आत कड्यांची टोकं गेलेली असतात. चुन्याचा गिलावा करा. कळीचा चुना नीट भिजवून मुरवलेला, त्यात वाळू. जुने लोक चुना घाण्यात मळताना गूळ, बेलफळाचा गर, हिरडा असं काहीबाही घालत, गिलाव्यात चीर जाऊ नये म्हणून ताग. सातारा-वाई भागात चुन्याचं काम जमणारे गवंडी अजून आहेत, मंदिरांच्या कामांमुळे.

चांगला टिकलेला नमुना बघायचा असेल तर मेणवलीला जा, वाईपासून दोन-तीन किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेवरचा घाट, भिंतींवरची चित्रं. एकामागून एक चौक कसे बांधत गेले आणि लाकूड कसं बसवलंय ते डोळ्यांनी बघता येतं. (नानांची कागदपत्रंही याच वाड्यात होती, मेणवली दप्तर म्हणतात ते. पण तो वेगळा धागा होईल.) फक्त एक लक्षात ठेवा, मेणवली पेशव्यांच्या कारभाऱ्याचा वाडा आहे. आपल्या पाटील-कुलकर्ण्यांच्या घरांत तेवढं लाकूड नव्हतं. त्यामुळे टेकू म्हणतात तो भिंतीवर टेकवलेला प्रकार आपल्याकडे जास्त.

चौकातली_तुळस

एक शंका. आमच्या कौलावर मागच्या बाजूला १८६५ साल आहे. म्हणजे घर तेव्हाचं का?

अभ्यासू_आत्या

नाही हो. १८६५ हे बासेल मिशनचा कौलांचा कारखाना मंगलोरला सुरू झाला ते साल, कौलं त्यानंतर पुष्कळ वर्षं निघत राहिली. घर त्याआधीचंही असू शकेल. त्याआधी खापरी नळीची कौलं किंवा गवत असायचं, नंतर कुणीतरी मंगलोरी घातली असतील. वासे बघा. नळीच्या कौलांसाठी वासे दाट आणि बारीक असतात, मंगलोरीसाठी वर लांबलचक रिपा ठोकलेल्या असतात. जुन्या वाशांवर नंतरच्या रिपा दिसल्या तर छप्पर बदललेलं आहे.

हक्कसोड

बांधकामाचं सगळं छान चाललंय, पण घर कुणाच्या नावावर आहे? सोपा_माजघर, चुलते लाकूड विकायचं म्हणतात म्हणून विचारतो. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. बहुतेकांकडे फक्त ग्रामपंचायतीचा नमुना ८, आणि तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत. तुमच्या गावाची झाली असेल तर त्यावर कोणाकोणाची नावं लागली ते आधी बघा.

वाटणी झालेली नसेल तर एका हिस्सेदाराने लाकूड उतरवायला सुरुवात केली की दुसरा कोर्टातून मनाई हुकूम आणतो, आणि अर्धं उघडलेलं घर तीन पावसाळे तसंच भिजत राहतं. असे वाडे मी पाहिले आहेत, त्यांना कुठल्याच सुताराचा उपयोग नाही. ज्यांना घर नको त्यांच्याकडून नोंदणीकृत हक्कसोडपत्र घ्या, बदल्यात काय द्यायचं ते घरातच ठरवा.

आणि जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांबद्दल: ते घनफुटाचा भाव सांगतात सगळ्या लाकडाचा, उतरवल्यावर मात्र "हे पांढरं, हे किडकं, हे खिळ्याचं" म्हणून निम्मं बाद करतात. कोरीव खांब आणि महिरपीचे पैसे वेगळे ठरवावे लागतात, ते शहरात हॉटेलांना आणि फार्महाउसांना कैक पटीने जातात. विकायचंच असेल तर निदान हे माहीत असू द्या.

सोपा_माजघर

खरवडून झालं. पश्चिमेच्या भिंतीकडे जाणाऱ्या तुळयांपैकी दोन्ही टोकांकडच्या तुळयांखाली भिंतीत खांब निघाले, चांगले घट्ट, एकाच्या बुडाला थोडी कूज. मधल्या तुळईखाली मात्र नुसता दगड! आणि भिंत फुगली आहे ती बरोब्बर त्याच जागी. चीर जुनी निघाली, आत कोळिष्टकं आणि धूळ.

वरची पन्हळही फुटलेलीच होती, कोयनाकाठ यांचा अंदाज बरोबर. पाणी कौलाखालून थेट भिंतीच्या पोटात.

चुलत्यांना घेऊन गेलो ते बरं झालं. भिंतीतला खांब हातानं चाचपल्यावर म्हणाले, "हा आपल्याला माहीतच नव्हता की." विकायचा विषय निदान या दिवाळीपर्यंत थांबला आहे. मिळकत पत्रिकेवर आजोबांचंच नाव लागलंय, ते काम वेगळं लागणार.

टेकू_सांगली

मग काम बरंच सोपं झालं. क्रम असा ठेवा. आधी पन्हळ आणि कौलं, म्हणजे पाणी बंद. मग मधल्या तुळईखाली भिंतीच्या आतल्या अंगाला एक नवीन खांब, तळखड्यावर, जुन्या सागवानाचा. तो वजन घेऊ लागला की भिंत मोकळी झाली. त्यानंतर फुगलेला भाग वरून खाली उतरवा आणि तोच दगड परत रचा, तीन-चार फुटांच्या टप्प्यांत, आरपार दगड घालून. सगळी लांबी एकदम उघडू नका. हे सगळं दिवाळीनंतर सुरू करून मे अखेरीस संपवा. पावसात भिंत उघडी नको.

आणि ठेकेदाराला "दुरुस्ती" सांगितलं तर तो येणार नाही. रोजंदारीवर गवंडी आणि सुतार वेगवेगळे घ्या.

आरसीसीच_बरं

खर्चाचा आकडा पण टाका इथे काम झाल्यावर. खरंच जाणून घ्यायचंय. आमचंही एक जुनं घर आहे तासगावकडे, नदीपासून लांब.

रंधा_पटाशी

@सोपा_माजघर, नव्या खांबासाठी जुनं लाकूड घेताना खिळ्यांची भोकं आणि जुन्या खाचा कुठं आहेत ते बघून घ्या, मधोमध मोठी खाच असलेला तुकडा खांबाला नको. व्यनि केलाय, कोरेगावजवळ एक सुतार ओळखीचे आहेत.